जठरांत दिवा कसा गेला

मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी कर्जत स्टेशनांत थांबली म्हणजे बहुतेक वेळां तिला मागून आणखी इंजिनें जोडतात, कारण पुढें भोरघाट आहे. उतारूंचे वडे खाऊन होतात न होतात तोंच गाडी हलते, पळसदरी मागें पडते, आणि मग एकामागून एक बोगदे सुरू होतात. १८६३ सालीं हा घाट रहदारीस खुला झाला, तेव्हां सुमारें सोळा मैलांच्या त्या चढणींत पंचवीस बोगदे होते, आणि तेवढ्या वाटेंत गाडी १,८३१ फूट उंच चढत असे. पुढें मार्गांत फेरफार झाले; वाफेचीं इंजिनें जाऊन विजेचीं आलीं. परंतु बोगद्याची एक गोष्ट बदललेली नाहीं. बाहेर उभें राहून बोगद्याच्या पोटांत काय चाललें आहे हें कळत नाहीं. भिंतीला चीर गेली आहे काय, कोठें पाणी झिरपत आहे काय, एखादा दगड सुटूं पाहत आहे काय, हें ज्याला जाणावयाचें असेल त्याला दिवा घेऊन आंत शिरावें लागतें. दिवा मंद असला तर बारीक चीर दिसत नाहीं. ती दिसूं लागते तेव्हां ती बारीक राहिलेली नसते.

मनुष्याच्या शरीरांतहि असा एक बोगदा आहे. तो ओठांशीं सुरू होतो आणि गुदद्वाराशीं संपतो. अन्ननलिकेंत तो सरळ उतरतो, जठरांत पखालीसारखा फुगतो, लहान आंतड्यांत वेटोळ्यांवर वेटोळीं घेतो आणि मोठ्या आंतड्यांतून पोटाला वळसा घालून बाहेर पडतो. त्याची एकंदर लांबी आठ-नऊ मीटर भरते. हजारों वर्षें वैद्य या बोगद्याच्या दोन तोंडांशीं उभा होता. नाडी पाहावी, जीभ पाहावी, मळ पाहावा, पोटावर बोटें दाबून रोग्याच्या चेहऱ्याकडे पाहावें, आणि त्यावरून आंतली स्थिति ताडावी, एवढेंच त्याच्या हातीं होतें. पुष्कळ वैद्य या ताडण्यांत निष्णात होते. तरी जठरांत व्रण आहे कीं कर्करोग आहे, याचा निकाल बहुधा रोग्याच्या मृत्यूनंतरच लागे. आज ज्याला लोक ‘पोटांत दुर्बीण घालणें’ म्हणतात, ती विद्या म्हणजे या बोगद्यांत दिवा आणि डोळा नेण्याची विद्या. तिचा इतिहास सवादोनशें वर्षांचा आहे, आणि तो मेणबत्तीपासून सुरू होतो.

ही अडचण आपल्याकडील जुन्या शल्यतंत्रानेंहि ओळखली होती. सुश्रुतसंहितेंत एकशें एक यंत्रें सांगितलीं आहेत, आणि त्यांपैकीं वीस नाडीयंत्रें, म्हणजे पोकळ नळ्या, आहेत. शरीरांतील मार्गांत अडकलेलें शल्य काढणें, आंतील द्रव ओढून घेणें आणि रोग प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहणें असे त्यांचे उपयोग दिले आहेत. मूळव्याधीसाठीं आणि भगंदरासाठीं तर स्वतंत्र यंत्रें आहेत. परंतु या नळ्यांत उजेड जावयाचा तो सूर्याचा, आणि सूर्याचा उजेड सरळ रेषेंत जातो. द्वारापासून चार बोटें आंत गेलें कीं पुढें अंधार.

हा अंधार मोडण्याचा पहिला नेटाचा प्रयत्न जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरीं झाला. फिलिप बोझिनी नांवाच्या तरुण वैद्यानें १८०६ सालीं एक उपकरण जाहीर केलें. फुलदाणीच्या आकाराचा एक धातूचा कंदील, त्यांत मेणबत्ती, मेणबत्तीपाशीं आरसा, आणि कंदिलाला जोडलेली नळी. नळीचे उभे भाग पाडलेले होते. एकांतून उजेड आंत जाई आणि दुसऱ्यांतून आंतलें दृश्य डोळ्याकडे परत येई. उजेडाची वाट आणि दृष्टीची वाट निराळी ठेवावी ही युक्ति या विद्येचा पाया होय. आजच्या सर्वांत महागड्या दुर्बिणींतहि ती तशीच आहे. परंतु व्हिएन्ना येथील वैद्यविद्येच्या धुरीणांनीं हें उपकरण नापसंत केलें. १८०९ सालीं तापाच्या सांथींत रोग्यांवर उपचार करतां करतां बोझिनी स्वतः त्याच रोगानें वारला. त्याला छत्तीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

पुढें १८५३ सालीं पॅरिसच्या देसोर्मो यानें मेणबत्ती काढून त्या जागीं मद्यार्क आणि टर्पेंटाईन यांच्या मिश्रणावर जळणारा दिवा बसविला. उजेड वाढला; पण तो मूत्रमार्गापुरता ठीक होता. जठराची वाट लांब आणि वांकडी. तोंडांतून घातलेली नळी घशाशीं काटकोनांत वळल्याशिवाय खालीं जाणार कशी? याचें उत्तर एका तमासगिरानें दिलें. आपल्याकडे जत्रेंत तलवार गिळून दाखविणारे खेळकरी असत. तसे युरोपांतहि होते. मान मागें पूर्ण टाकली कीं तोंड, घसा आणि अन्ननलिका एका रेषेंत येतात, हें त्या लोकांस पोटासाठीं साधलेलें ज्ञान होतें. फ्रायबुर्गचे प्राध्यापक आडोल्फ कुस्समाउल यांनीं १८६८ सालीं अशाच एका तलवार गिळणाऱ्याच्या घशांतून ४७ सेंटिमीटर लांबीची सरळ नळी जठरापर्यंत उतरविली. वाट सांपडली. परंतु वरच्या दिव्याचा उजेड एवढ्या खोल पोंचेना, आणि जठरांतला रस नळींत चढून दृश्य झांकी. कुस्समाउल यांना वाट कळली, पण तिच्या शेवटीं काय आहे तें नीट दिसलें नाहीं.

उणीव होती ती दिव्याचीच. दिवा बाहेर ठेवून त्याचा उजेड आंत ढकलण्याऐवजीं दिवाच आंत नेला पाहिजे होता; आणि ज्योत पोटांत नेतां येत नाहीं. विजेनें हा प्रश्न सोडविला. व्हिएन्नांत योहान मिकुलिच यांनीं लायटर नांवाच्या कारागिराच्या साहाय्यानें १८८१ सालीं जी नळी केली, तिच्या टोकाशीं विजेनें तापून प्रकाशणारी प्लॅटिनमची तार होती, आणि तिच्या धगीनें जठर भाजूं नये म्हणून भोंवतीं थंड पाणी खेळविलें होतें. पुढें विजेचे चिमुकले दिवे आले आणि पाण्याचा हा खटाटोप सुटला.

वीज आणि कर्जत-खालापूरचा मुलूख यांचा संबंध या ठिकाणीं आठवल्यावांचून राहत नाहीं. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या बाजूस तलाव बांधून त्यांचें पाणी लोखंडी नळांतून दीड हजार फुटांहून अधिक खालीं सोडावयाचें आणि त्यावर विजेचीं चक्रें फिरवावयाचीं, हें टाटांचें काम १९१५ सालीं खोपोलीस सुरू झालें. १९२२ सालीं कर्जत तालुक्यांत भिवपुरीस दुसरें वीजगृह आलें. या विजेच्या तारा मुंबईच्या वाटेनें गेल्या. त्या मुख्यतः तेथील गिरण्यांसाठीं होत्या. खोपोलीच्या पायथ्याशीं निर्माण झालेला उजेड असा मुंबईस गेला, आणि खोपोली-कर्जतचा रोगी त्याच वाटेनें उजेडासाठीं मुंबईस जाऊं लागला. परळचें के. ई. एम. रुग्णालय १९२६ सालीं आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. गांवच्या वैद्याचे उपाय थकले म्हणजे ‘परळला न्या’ असें म्हणण्याची जी रीत घाटाखालच्या गांवांत पडली, तिच्यामागें हा इतिहास आहे.

दिवा आंत गेला तरी नळी अद्याप ताठ होती. ताठ नळी घशांत घालणें हें रोग्यास शिक्षेसारखें, आणि अन्ननलिका फाटण्याची भीति नित्याची. म्यूनिक येथील रूडोल्फ शिंडलर यांनीं गेओर्ग वोल्फ या यंत्रकाराकडून १९३२ सालीं अशी दुर्बीण करविली कीं जिचा खालचा भाग थोडा लवे. तिच्या पोटांत आंखूड अंतराचीं पुष्कळ भिंगें ओळीनें बसविलीं होतीं. नळी किंचित् वांकली तरी एका भिंगाचें चित्र दुसऱ्यास आणि दुसऱ्याचें तिसऱ्यास मिळत जाई. रोग्यास डाव्या कुशीवर निजवीत, आणि त्याचें डोकें धरून त्याला धीर देण्याचें काम शिंडलर यांची पत्नी करी. तपासणाऱ्याच्या कौशल्याइतकेंच या डोकें धरणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे. १९३४ सालीं नाझी राजवटींत शिंडलर यांस अटक झाली. सुटल्यावर ते अमेरिकेंत शिकागोस गेले आणि जर्मनीचें ज्ञान त्यांच्याबरोबर समुद्रापार गेलें.

जपानची कथा याहून वेगळी आहे. त्या देशांत जठराच्या कर्करोगानें फार माणसें मरत, म्हणून तेथें प्रश्न असा निघाला कीं डोळा आंत जात नसेल तर कॅमेरा कां जाऊं नये? तोक्यो येथील डॉक्टर उजी आणि ऑलिंपस कारखान्यांतील सुगिउरा व फुकामी यांनीं १९५० सालीं लवचिक नळीच्या टोकाशीं चिमुकला कॅमेरा, चिमुकली फिल्म आणि चिमुकला दिवा बसविला. हा कॅमेरा आंधळा होता. डॉक्टराला आंतलें कांहीं दिसत नसे. तो खोलींत अंधार करी, आंतला दिवा उजळला कीं पोटाच्या कातडींतून जो लालसर उजेड फांके त्यावरून कॅमेरा कोठें आहे हें ठरवी आणि फोटो घेई. फिल्म धुतल्यानंतर निकाल कळे. तरीहि यामुळें जपानी डॉक्टरांस एक अमोल संवय लागली. एकाच्या डोळ्यास क्षणभर दिसलेली गोष्ट चित्ररूपानें दहा जणांनीं पुन्हा पुन्हा न्याहाळावी आणि वाद करून ठरवावी, ही ती संवय होय. प्रारंभींचा कर्करोग कसा दिसतो याची बाराखडी त्यांनीं याच मार्गानें बसविली.

आतां या कथेंत एक हिंदी तरुण येतो. नरिंदरसिंग कपानी यांचा जन्म १९२६ सालीं पंजाबांत मोगा येथें झाला. पाण्याच्या वांकड्या धारेबरोबर प्रकाशहि वांकतो, हें कोलाडन यांनीं १८४१ सालीं आणि टिंडल यांनीं १८५४ सालीं दाखविलें होतें. पण तो बहुतेकांस सभेंतला चमत्कार वाटे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखालीं कपानी यांनीं केसासारख्या बारीक कांचतंतूंची जुडी बांधली आणि तिच्या एका टोकाचें चित्र दुसऱ्या टोकास नेऊन दाखविलें. १९५४ सालच्या जानेवारींत ‘नेचर’ या नियतकालिकांत त्यांचा लेख आला. जुडी वांकवा, पिळा, गांठ सैल ठेवून फिरवा, चित्र पोंचतें. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे डॉक्टर बेझिल हर्शोविट्झ यांनीं तो लेख वाचला, लंडनास जाऊन ती जुडी पाहिली, आणि मिशिगन विद्यापीठांत काम आरंभलें. प्रथम अडचण अशी आली कीं एकमेकांस चिकटलेल्या तंतूंत उजेड इकडून तिकडे गळून जाई. लॅरी कर्टिस या विद्यार्थ्यानें १९५६ च्या डिसेंबरांत एका जातीच्या कांचेवर दुसऱ्या जातीच्या कांचेचें कवच चढवून तंतू ओढला आणि गळती थांबविली. १९५७ च्या फेब्रुवारींत हर्शोविट्झ यांनीं ती लवचिक दुर्बीण पहिल्यानें स्वतःच्याच घशाखालीं उतरविली; रोग्याची पाळी नंतर आली.

या ठिकाणीं चित्राच्या स्पष्टतेचा प्रश्न प्रथम नीट उभा राहतो, आणि तो समजण्यास घरच्या रांगोळीहून चांगलें साधन नाहीं. ठिपक्यांच्या रांगोळींत पांच ठिपके पांच ओळी घातले तर फार तर एक ढोबळ फूल होतें; त्याच जागेंत पन्नास ठिपके पन्नास ओळी घातले तर मोराच्या पिसाऱ्यांतला डोळाहि काढतां येतो. जागा तीच असते; ठिपके वाढले म्हणजे नक्षी सूक्ष्म होते. कांचतंतूंच्या दुर्बिणींत प्रत्येक तंतू म्हणजे एक ठिपका होता. तंतू हजारों असत, तरी चित्र माशीच्या डोळ्यांतून पाहिल्यासारखें जाळीदार दिसे. आणि वापरतां वापरतां जो तंतू तुटे त्याच्या जागीं काळा डाग राही. शिवाय पाहणारा एकटा. डॉक्टर डोळा लावून वांकलेला, आणि शेजारच्या विद्यार्थ्यांनीं तो सांगेल तें खरें मानावयाचें.

तरीसुद्धां या दुर्बिणीनें मोठी क्रांति केली. १९६९ सालीं न्यूयॉर्क येथें वोल्फ आणि शिन्या यांनीं मोठ्या आंतड्यांतील मांसांकुर दुर्बिणींतूनच तारेचा फांस टाकून व विजेनें जाळून काढण्यास प्रारंभ केला. आज डॉक्टर ज्याला पॉलिप म्हणतात तो हाच मांसांकुर. त्यांतले कांहीं वर्षानुवर्षें निरुपद्रवी राहतात, कांहीं दहा-दहा वर्षांत हळूहळू कर्करोगाचें रूप घेतात. अंकुर असतांनाच तो खुडला तर पुढचें झाड उगवतच नाहीं, आणि त्यासाठीं पोट कापावें लागत नाहीं. पाहण्याचें साधन याप्रमाणें उपचाराचें साधन झालें.

महाराष्ट्रांत या विद्येच्या भावंडाचा, म्हणजे बेंबीजवळ लहानसें छिद्र पाडून पोटाच्या पोकळींत दुर्बीण घालण्याच्या विद्येचा, पाया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉक्टर तेहेमटन उडवाडिया यांनीं घातला. १९७२ सालीं त्यांनीं या दुर्बिणीचा रोगनिदानासाठीं उपयोग सुरू केला आणि ३१ मे १९९० रोजीं तिच्या साहाय्यानें पित्ताशय काढण्याची हिंदुस्थानांतील पहिली शस्त्रक्रिया केली. २०२३ च्या जानेवारींत ते निवर्तले. पचनमार्गाच्या दुर्बिणींत मुंबईच्या डॉक्टर अमित मायदेव यांचें नांव आज सर्वतोमुखीं आहे. त्यांस २०१३ सालीं पद्मश्री मिळाली.

आपल्या देशांत या दुर्बिणीस एक असें काम आहे कीं जें युरोपांत तिला फारसें पडत नाहीं. लहान आंतडें मोठ्या आंतड्यास जेथें मिळतें त्या सांध्याशीं क्षयरोगाची विशेष प्रीति आहे. पोटांत कळा येतात, ताप राहतो, माणूस वाळत जातो. क्रोन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका रोगाचीं लक्षणेंहि हुबेहूब तींच. परंतु उपचार एकमेकांच्या उलट आहेत: क्रोनच्या रोगांत जीं औषधें शरीराची प्रतिकारशक्ति दाबतात, तींच क्षयाच्या रोग्यास दिलीं तर क्षय मोकाट सुटतो. दुर्बीण त्या सांध्यापर्यंत जाते, व्रण आडवा आहे कीं उभा, भोंवतालची त्वचा कशी आहे, हें दाखविते आणि तपासणीसाठीं चिमूटभर तुकडाहि आणते. येथें चित्राचा स्पष्टपणा चैनीची वस्तु राहत नाहीं.

कांचतंतूंचा काळ विजेच्या डोळ्यानें संपविला. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बॉईल आणि स्मिथ यांनीं प्रकाशाचें विजेंत रूपांतर करणारी एक चकती शोधून काढली. त्याबद्दल २००९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९८३ सालीं वेल्च ॲलिन या अमेरिकन कंपनीनें ती चकती दुर्बिणीच्या टोकाशीं बसविली. आतां चित्र तंतूंतून न येतां विजेच्या इशाऱ्यांनीं येऊन पडद्यावर उमटूं लागलें. डॉक्टराची पाठ सरळ झाली, आणि खोलींतील परिचारिका, साहाय्यक, विद्यार्थी, सर्वांस एकच दृश्य दिसूं लागलें.

या चकतीवरील ठिपके प्रथम एक लाखापासून चार लाखांपर्यंत असत, आणि पडद्यावर चित्राच्या ओळी चारशें ऐंशी किंवा पांचशें शहात्तर. २००० नंतरच्या दशकांत ज्या अतिस्पष्ट दुर्बिणी आल्या, त्यांत ठिपके साडेआठ लाखांपासून तेरा लाखांच्या वर गेले आणि ओळी १,०८० झाल्या. रांगोळीचे ठिपके एकदम दुप्पट-तिप्पट झाले. त्यामुळें पूर्वीं जेथें नुसती गुलाबी भिंत दिसे तेथें आतां तिच्यावरील सूक्ष्म खळग्यांची नक्षी आणि केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचें जाळें दिसूं लागलें. कर्करोगाची पहिली खूण बहुधा गांठ नसते. जमिनीला चिकटलेला, किंचित् फिका किंवा किंचित् तांबूस, चपटा डाग एवढेंच तिचें रूप असतें, आणि त्या डागांत नक्षी विस्कटलेली असते. ठिपके थोडे असले तर विस्कटलेली नक्षी आणि नीट नक्षी यांत फरकच दिसत नाहीं.

येथें एक व्यवहाराची गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. टोकाचा कॅमेरा, चित्र घडविणारें यंत्र, मधली तार आणि समोरचा पडदा, हीं चारहि अंगें नव्या प्रतीचीं असावीं लागतात. एक जरी जुनें राहिलें तरी चित्र जुनेंच येतें. साखळीचें बळ तिच्या कच्च्या कडीइतकेंच.

स्पष्ट चित्राला रंगाची जोडहि मिळाली. जपानी डॉक्टर पूर्वींपासून जठराच्या भिंतीवर निळा रंग शिंपडीत. रंग खळग्यांत सांचे आणि उंचसखलपणा उठून दिसे. अन्ननलिकेवर आयोडीन शिंपडलें तर निरोगी भाग गडद तपकिरी होतो आणि रोगट भाग कोरा राहतो. तंबाखू आणि दारू यांच्या व्यसनांत सांपडलेल्यांस अन्ननलिकेच्या कर्करोगाची भीति अधिक, म्हणून आपल्या प्रांतांत ही साधी युक्ति मोलाची आहे. २००५ च्या सुमारास रंग शिंपडण्याऐवजीं उजेडच रंगविण्याची युक्ति व्यवहारांत आली. पांढऱ्या उजेडांतून फक्त निळ्या आणि हिरव्या रंगाच्या दोन अरुंद पट्ट्या निवडून घेतात. रक्त हे दोन रंग शोषून घेतें. त्यामुळें वरच्या थरांतल्या रक्तवाहिन्या तपकिरी आणि खोल थरांतल्या निळसर हिरव्या दिसतात. कर्करोग वाढूं लागला म्हणजे स्वतःसाठीं नव्या, वेड्यावांकड्या रक्तवाहिन्या ओढून घेतो. त्या या उजेडांत लपत नाहींत.

एवढें ऐकून श्रोत्यांस वाटेल कीं यंत्र नवें झालें म्हणजे रोग सुटावयाचा नाहीं. आंकडे इतकें वचन देत नाहींत. जुन्या आणि अतिस्पष्ट दुर्बिणींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०११ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत नव्या दुर्बिणीनें मोठ्या आंतड्यांतील पॉलिप दर शंभर लोकांमागें सुमारें तीन ते चार अधिक लोकांत सांपडले, इतकाच फरक दिसला. याच्याशेजारीं दुसरा आंकडा ठेवून पाहावा. दुर्बीण पूर्ण आंत गेल्यावर ती हळूहळू बाहेर काढतांना खरी तपासणी होते. अमेरिकेंतील बारा डॉक्टरांच्या कामाची नोंद २००६ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं जे या परतीच्या वाटेस सरासरी सहा मिनिटें किंवा अधिक वेळ देत, त्यांना शंभरांतील अठ्ठावीस लोकांत असे अंकुर सांपडले. जे घाई करीत, त्यांना बारांत. २०१४ सालीं तीन लाखांहून अधिक तपासण्यांचा हिशेब झाला, त्यांत असें आढळलें कीं डॉक्टराचें अंकुर हुडकण्याचें प्रमाण शेंकडा एकानें वाढलें तर त्याच्या रोग्यांस पुढें कर्करोग होण्याचा धोका शेंकडा तीननें उतरतो. यंत्र तेंच असतां हात आणि डोळा यांच्या संयमानें इतका फरक पडतो.

अगदीं अलीकडे या पडद्याजवळ एक नवा साहाय्यक येऊन बसला आहे. संगणकास हजारों चित्रें दाखवून शिकविलें म्हणजे संशयित जागेभोंवतीं तो स्वतः चौकट आंखून देतो. चीनमध्यें २०१९ सालीं झालेल्या एका तुलनेंत त्याच्या मदतीनें अंकुर सांपडण्याचें प्रमाण शेंकडा वीसवरून एकोणतीसवर गेलें. परंतु पोलंडमधील डॉक्टरांचा अनुभव २०२५ सालीं प्रसिद्ध झाला तो विचार करण्यासारखा आहे. या साहाय्यकाची संवय लागल्यानंतर त्याच्याविना केलेल्या तपासण्यांत त्यांचें प्रमाण शेंकडा अठ्ठावीसवरून बावीसवर घसरलें. गणिताच्या पुस्तकामागें दिलेलीं उत्तरें पाहूनच उदाहरणें सोडविणाऱ्या मुलाचें परीक्षेंत जें होतें, तेंच येथें झालेलें दिसतें. उत्तरें छापूं नयेत असें कोणी म्हणणार नाहीं. पण आधीं उदाहरण स्वतः सोडवून मग मागचें पान उलटण्याची शिस्त असावी लागते.

या सर्व प्रगतीच्या शेवटीं रोगी उभा आहे, आणि तो पुष्कळदां उशिरां आलेला असतो. कर्जत तालुक्यांतील डोंगरांतल्या एखाद्या ठाकरवाडींत किंवा कातकरी वस्तींत घांस घशाशीं अडकूं लागलेला मनुष्य प्रथम भाकरी सोडून पेजेवर येतो. मग पेजहि उतरत नाहीं. शौच डांबरासारखें काळें होतें, तें ‘उष्णता’ म्हणून सोडून देतात. रक्त पडतें, तें मूळव्याध म्हणून झांकतात. बाई असली तर अधिकच झांकतात. कारण नसतां वजन उतरतें, तें काळजीचें म्हणतात. लाजेचे, भीतीचे आणि बुडणाऱ्या मजुरीचे महिने असे निघून जातात. कर्जतहून मुंबईचें अंतर १०० किलोमीटर आहे आणि लोकलगाडी दोन-सव्वादोन तासांत तें काटते. पण वाडीपासून कर्जत स्टेशनापर्यंत येण्यास त्या मनुष्यास सहा महिने लागलेले असतात. ज्या चपट्या डागासाठीं तेरा लाख ठिपक्यांचें चित्र निर्माण झालें, तो डाग तोंवर डाग राहिलेला नसतो. जी गांठ झालेली असते ती पाहण्यास कुस्समाउल यांचा अपुरा दिवाहि पुरला असता.

म्हणून या विद्येचा पुढील इतिहास केवळ कारखान्यांत घडावयाचा नाहीं. घांस अडकणें, काळें शौच, शौचांतून रक्त, अकारण उतरणारें वजन, चाळिशीनंतर नव्यानें सुरू झालेलें अजीर्ण, हीं लक्षणें घरांतल्या मोठ्या माणसांनीं ओळखलीं पाहिजेत आणि ‘दुर्बीण’ या शब्दाची भीति घालविली पाहिजे. आज घसा बधिर करून किंवा झोपेचें औषध देऊन जठराची तपासणी थोड्या मिनिटांत होते, आणि पुष्कळसे रोगी त्याच दिवशीं घरीं परततात. शिंडलर यांच्या काळीं रोग्याचें डोकें धरून त्यास धीर देणारें एक माणूस लागे. तें काम अजून संपलेलें नाहीं. शहरांतील सुशिक्षित घरांत गांवाकडचा आप्त किंवा कामाला येणारी बाई पोटाची तक्रार बोलून दाखविते, तेव्हां ओव्याचा अर्क पुढें करण्याऐवजीं ‘किती दिवस झाले?’ हा प्रश्न विचारणें आणि वेळीं तिच्याबरोबर रुग्णालयाच्या दारापर्यंत जाणें, एवढें त्या घरास करतां येण्यासारखें आहे.